वासराची आंघोळ

बोरखडीच्या मठात जाऊन कुणीही विचारावं, इथला मालक कोण? संतराम कारभारी छाती पुढं काढून सांगेल, मालक महादेव. मठाधिपती म्हातारे बाबा हसून सांगतील, मालक कुणीच नाही. आणि गोठ्यातल्या सत्तावीस लाल कंधारी गाईंना तोंड फुटलं असतं, तर त्यांनी एका दमात नर्मदाबाईचं नाव घेतलं असतं.

तशी नर्मदाबाई मठाची शिष्यीण नाही की गळ्यात माळ घातलेली नाही. गावातच तिचं दोन खोल्यांचं घर आहे. सेनगाव-हिंगोली रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारा तातेराव हा नवरा, साखर कारखान्यावर कामाला असलेला मुलगा आणि बारावी शिकलेली प्रतिक्षा ही सून. वय छप्पन्न-सत्तावन्न. अंगानं काटकुळी, पण तिनं दाव्याला हात घातला की दांडगा वळूही मुकाट चालायला लागतो. बोलायला लागली की समोरच्यानं दोन पावलं मागं सरून उभं राहावं, कारण तो आवाज माणसांसाठी घडलेलाच नाही. रानात पांगलेली गुरं गोळा करता करता तो तयार झाला आहे.

तिचा बाप जवळा बाजारच्या बाजूला एका वाडीत गुराखी होता. सगळ्या गावाची गुरं सकाळी सोडायची, सांजेला आणून ज्याची त्याच्या दारात लावायची. पोरगी तिसरीतून शाळेला रामराम ठोकून बापाच्या मागं हिंडली, आणि जे शिकायचं ते तिथंच शिकली. बाप म्हणायचा, "नर्मदे, गाईला डोळ्यानं कमी आन् नाकानं जास्ती दिसतं बघ." पोरीला तेव्हा ते खोटं वाटायचं. एवढे मोठे डोळे देवानं काय शोभेला दिले? पण एकदा तिनं आईचं जुनं लुगडं नेसून गाईंसमोर उभं राहून पाहिलं, तर ओळखीच्या गाईही शिंगं उगारून आल्या. त्या दिवसापासून बापाचा शब्द तिनं गाठीला बांधून ठेवला.

मठात ती आली ती शेणासाठी. एकोणीस वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, घर सारवायला पाटीभर शेण मागायला. त्या वेळी गोठ्यात एक गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आलेला, आणि भोवती आठ-दहा बाप्ये हात बांधून महादेवाचा जप करत उभे. नर्मदाबाईनं पाटी खाली ठेवली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि दुसरा पाय शोधून काढला. वासरू जिवंत निघालं. बाबा एवढंच म्हणाले, "बाई, उद्या या." ते उद्या अजून संपलेलं नाही.

तातेराव यावर चिडवायची संधी सोडत नाही. "मागल्या जल्मी गाय व्हतीस तू," तो म्हणतो. "आन् तुमी दावं व्हता," ती म्हणते, आणि भाकरी ताटात टाकते.

मठाची रीत आसपासच्या गोशाळांपेक्षा वेगळी. पहिल्या महाराजांनी घालून दिलेले दोन नेम आहेत. वासरू पोटभर प्यायल्याशिवाय सडाला हात लावायचा नाही, आणि धार काढताना गाईचे पाय बांधायचे नाहीत. वासरू प्यायल्यावर उरेल ते मठाचं. उरतं फार थोडं. सत्तावीस गाई असलेल्या मठात चहा काळा का मिळतो, असा प्रश्न दर नव्या भक्ताला पडतो. संतराम कारभाऱ्यालाही तो पडलेला आहे, पण वीस वर्षांत विचारायची हिंमत झालेली नाही.

संतराम माणूस वाईट नाही. झाडलोटीपासून पंगतीपर्यंत सगळं त्याच्याच डोक्यावर असतं, आणि उत्सव म्हटला की ते डोकं ठिकाणावर नसतं. मठाचा सगळ्यात मोठा उत्सव वसुबारसेचा. पाच गावच्या बाया दिवसभर उपास धरतात, त्या दिवशी गाईच्या दुधाचा थेंब तोंडात घेत नाहीत, आणि तिन्हीसांजेला मठात येऊन गाय-वासराची पूजा करतात. पूजा आटोपून घरी गेलं की बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. पहिली पूजा मानाची. आजवर ती कधी सरपंचाच्या बायकोनं केली, कधी देणगी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या सुनेनं. त्यांचे गाईपुढं उभे राहिलेले फोटो सभामंडपात लागलेले आहेत. त्यातल्या निम्म्या फोटोंत गाईचं दावं घट्ट धरलेला एक काळा हात दिसतो. तो नर्मदाबाईचा.

यंदा बाबांनी मानाच्या पूजेला तिचं नाव सुचवलं. संतरामनं मान डोलावली आणि वसुबारसेच्या दिवशी सकाळी सातपासून भोंग्यावर पुकारायला सुरुवात केली. "मानाची पूजा, सौभाग्यवती नर्मदाबाई तातेराव, यांच्या शुभहस्ते!" दर अर्ध्या तासाला एकदा. तातेरावनं जीपमधल्या प्रत्येक प्रवाशाला ते कान देऊन ऐकायला लावलं.

नर्मदाबाई वरवर म्हणत होती, "काहून एवढं वरडून राहिला हा संतराम? गाई बुजतेत ना." पण आतून तिला गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोला. एकोणीस वर्षं शेणात हात घातलेल्या बाईला आपलं नाव आभाळातून ऐकू आलं तर तिनं काय कानात बोळे घालावेत? प्रतिक्षानं सेनगावहून मोरपंखी रंगाचं लुगडं आणून इस्त्री करून ठेवलं होतं. नर्मदाबाईनं ते सकाळीच नेसून टाकलं. पूजा सांजेला होती.

आणि भरदुपारी गुंजी व्यायली.

गुंजी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात तांबडी गाय, म्हणून ते नाव. पहिलंच वेत. दिवस भरलेले होते, पण अजून चार-सहा दिवस काढील असा नर्मदाबाईचा अंदाज होता. गाईंच्या बाबतीत तिचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि ज्या दिवशी चुकला तो दिवस वसुबारसेचा निघाला. नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती गुंजीजवळ बसली. फार त्रास झाला नाही. बारा-सव्वाबाराला कालवड जमिनीवर आली, ओली, थरथरती. नर्मदाबाईनं तिच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला आणि तिला गुंजीच्या तोंडापुढं ठेवून बाजूला झाली.

गुंजी आधी दचकलीच. हे काय आपल्यातून पडलं, असा तिचा चेहरा. मग मान लांब करून तिनं हुंगलं. जीभ बाहेर आली, एकदा फिरली, परत आत गेली. पुन्हा बाहेर आली. पहिलटकरीण गाय अशीच शिकते. तिला घाई करायची नसते. अर्धा-पाऊण तास तिला आणि तिच्या वासराला जगात एकटं सोडायचं असतं. हे नर्मदाबाईनं या गोठ्यात नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाला शंभरदा बजावलेलं होतं.

तेवढ्यात संतराम आला. वासरू पाहिलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"माय माय माय! बारशीला वासरू! नर्मदामाय, तुमच्या मानाच्या पूजेला गाईनं सोताहून वासरू दिलं बगा!"

पाच मिनिटांत ही बातमी भोंग्यावर गेली. दहा मिनिटांत गोठ्याच्या दारात शंभर माणसं. दुपारीच येऊन बसलेल्या बाया, रांगोळी काढणाऱ्या पोरी, हातात मोबाईल घेतलेली पोरं. दर्शन पाहिजे, दर्शन पाहिजे! आणि संतरामच्या डोक्यात कल्पना आली. वासराला मंडपात न्यायचं, पाटावर ठेवायचं, अभ्यंग घालायचं. दिवाळीची पहिली आंघोळ प्रत्यक्ष गोमातेच्या लेकराला. असं याआधी कुणी केलं होतं का?

केलं नव्हतं, आणि का केलं नव्हतं ते नर्मदाबाईला पक्कं ठाऊक होतं. ताज्या वासराला पाणी लावत नाहीत. त्याची आई चाटते तीच त्याची आंघोळ. शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा होते. पण बाया तिच्याकडं पाहत होत्या, "भाग्याची ग माय तू" म्हणून तिच्या पाया पडत होत्या. सरपंचाची बायको, जिनं आजवर तिला "ए गाईवाली" म्हणून हाक मारली होती, ती आज "नर्मदाबाई" म्हणाली. नर्मदाबाईनं मनाशी म्हटलं, जाऊ दे, आजच्या दिवशी कुणाचं मन कशाला मोडायचं. घटकाभराचं तर काम.

आणि नुसती गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण तिनं काय केलं? प्रतिक्षाला घरी पिटाळून तिनं आपल्या हातानं कुटलेलं उटणं आणवलं. कोमट पाण्यानं, बाळंतिणीच्या लेकराला घालतात तशी तिनं स्वतः वासराला आंघोळ घातली. उटणं चोळलं. शिकेकाई लावली. कुणीतरी अत्तराची कुपी पुढं केली, ती मानेवर टेकवली. वासरू पुसून, कपाळाला हळदकुंकू लावून पाटावर ठेवलं, तर लाल मखमलीसारखं चमकायला लागलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. नर्मदाबाईच्या आयुष्यात तिचे एवढे फोटो कधी निघाले नव्हते.

इकडं गोठ्यात म्हातारा गडी ग्यानोबा त्याच्या कामाला लागला होता. वासरामागून गुंजीचा जार, म्हणजे वार, पडला तो त्यानं रीतीप्रमाणं उचलला आणि मागच्या निंबाखाली खड्डा करून, वर दगड ठेवून पुरला, म्हणजे कुत्र्यानं उकरू नये. मग बाबा येणार म्हणून ओला पालापाचोळा भरून उकिरड्यावर नेऊन घासलेट टाकून पेटवला, फरशी खराट्यानं घासली आणि बादलीभर फिनाईल ओतलं. सगळं कसं स्वच्छ, लख्ख करून ठेवलं.

दीडच्या सुमाराला नर्मदाबाई वासराला कवेत घेऊन गोठ्यात परतली आणि त्याला गुंजीपुढं ठेवलं.

गुंजीनं मान लांब केली. हुंगलं. नाकपुड्या फेंदारून जोरात फुरफुरली, दोन पावलं मागं सरली, आणि वासरू धडपडत कासेकडं जायला लागलं तसा मागचा पाय झाडला. वासरू गव्हाणीच्या भिंतीला जाऊन आपटलं.

नर्मदाबाईला कुणी काही सांगायची गरज नव्हती. वाकून तिनं वासराच्या मानेचा वास घेतला. नागरमोथा, कापूरकाचरी, गुलाबाचं अत्तर. देवळात बसवावं असं वासरू होतं. त्यात गुंजीचं म्हणून काही उरलेलं नव्हतं. गाईला डोळ्यानं कमी आणि नाकानं जास्ती दिसतं, हे बापानं आठ-नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलेलं, आणि छप्पन्न वर्षांची बाई चार टाळ्यांसाठी विसरली. तिला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. पोहायला शिकवणाराच बुडाला, असं झालं.

तिनं गूळ-मिठाचं पाणी करून वासराच्या पाठीवर चोळलं. मिठाच्या ओढीनं गाय चाटते. गुंजीनं एकदा जीभ लावली, अत्तराच्या वासानं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा पाय झाडला. प्रतिक्षानं सेनगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दिवाळीसाठी गावी गेलेले. पण फोनवर त्यांनी नीट सांगितलं, की सांज व्हायच्या आत चीक पोटात गेला पाहिजे, नाहीतर वासरात ताकद राहणार नाही.

चीक होता गुंजीच्या कासेत, आणि गुंजी कासेला कुणाला शिवू देत नव्हती. नर्मदाबाई स्वतः बसली, तर तिच्याही हाताला उटण्याचा वास. गाईनं पान्हा चढवून घेतला. दुसरी ताजी व्यालेली गाय गोठ्यात नव्हती.

"पाय बांधू का?" ग्यानोबानं हळूच विचारलं.

"बांधून चीक निघंल बाबा, माय निघायची न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "आज पाय बांधले तर उद्या वासराला बघून तिला दोरीच आठवंल." आणि एकदम वळून तिनं विचारलं, "जार कुठं हाय?"

ग्यानोबानं निंबाकडं बोट केलं. नर्मदाबाईनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.

तोवर तीन वाजून गेले होते. मंडपात बाया जमत होत्या, आणि गोठ्यामागं मोरपंखी लुगड्यातली मानकरीण खड्डा खणत होती. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. संतराम धापा टाकत आला.

"नर्मदामाय, हे काय करून राहिल्या तुमी? ते सोयराचं हाय! आज उपास तुमचा, पूजा तुमची, तासाभरात बाबा येतेत!"

"येऊ द्या."

"आन् ती घाण त्या वासराला फासताव? पूजेच्या वासराला?"

नर्मदाबाईनं कुदळ थांबवली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

"घाण आपुन फासली, संतराम. दुपारी, मंडपात, समद्या गावासमोर. तुमी बोललाव आन् म्या केली. तुमाला ठावं नव्हतं, मला ठावं व्हतं. म्हून तुमच्यापरीस चूक माझी मोठी. आता सरा बाजूला."

"मग पूजा कोन करंल? या हातानं तुमाला मंडपात कशी येऊ देऊ मी? पाच गावच्या बाया हायेत."

"द्या कुनालाबी. सरपंचीन बाईला द्या."

हे वाक्य तिनं झटक्यात बोलून टाकलं, पण ते सोपं गेलं असं कुणी समजू नये. एकोणीस वर्षांनी आलेला मान तो. बोलून झाल्यावर तिचा हात क्षणभर कुदळीवर तसाच राहिला. मग तिला आतून वासराचा बारीक, चिरका आवाज ऐकू आला, आणि तिनं पुन्हा खणायला घेतलं. थोड्या वेळानं संतरामनं उपरणं काढून निंबाच्या फांदीवर टाकलं आणि वरचा मोठा दगड बाजूला ओढू लागला.

"आत्याबाई, लुगडं!" प्रतिक्षा ओरडली.

"राहू दे लुगडं. कोरडी माती आन् गव्हाणीतलं कुटार घेऊन ये."

माती आणि कुटारानं त्या दोघींनी वासराला चोळचोळून पुसलं. गुंजी मुतली तशी नर्मदाबाईनं ओंजळ धरली आणि वासराच्या मानेवरचं अत्तर त्यानं धुतलं. कपाळाचं हळदकुंकू पुसलं. मग जार. पाठीवर, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, तोंडावर. उरलेलं स्वतःच्या दोन्ही हातांना, कोपरापर्यंत. प्रतिक्षाला मळमळलं, तिनं पदर नाकाला लावला, पण वासराचे पाय धरून ठेवले. ते घाणेरडं दिसत होतं यात शंका नाही. दुपारी ज्यांनी फोटो काढले होते त्यांच्यापैकी एकानंही आता मोबाईल वर केला नाही.

"आता समदे भायेर," नर्मदाबाई म्हणाली. संतराम मंडपात गेला, ग्यानोबा गेला, प्रतिक्षा गेली. वारा जिकडून येत होता त्या अंगाला तिनं वासराला ठेवलं, म्हणजे त्याचा वास सरळ गुंजीकडं जावा. आणि स्वतः भिंतीला टेकून, जनावराच्या डोळ्याला डोळा न देता, उकिडवी बसली.

गुंजीनं एकदा मान वळवली आणि परत फिरवली. वासरू उठायला गेलं आणि बसलं. आता त्याच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. ऊन गोठ्याच्या पत्र्यावरून उतरून दाराशी आलं. नर्मदाबाई देवाचं नाव घेत नव्हती. ती मनात गुंजीशीच बोलत होती. चुकलं माझं. तुझ्या लेकराला तुझ्यापासनं म्या तोडलं. तू माझ्यावर राग धर, पायजे तर मला लाथ घाल, पन त्याच्यावर नको.

बाहेर भोंगा खरखरला. "मानाची पूजा..." असं सुरू झालं आणि गुंजी दचकून कान टवकारून उभी राहिली.

"तो भोंगा बंद करा!" नर्मदाबाई आतून ओरडली. भोंगा गप्प झाला.

तेवढ्यात बाबा आले. मागं टाळ, दिवट्या, तबकं घेतलेल्या बायांची रांग, उदबत्त्यांचा धूर. ऐंशी वर्षांचे बाबा काठी टेकत गोठ्याच्या दाराशी आले आणि त्यांनी उंबऱ्यात पाऊल ठेवलं.

"थांबा!"

रानातली गुरं वळवणारा तो आवाज. रांग जागच्या जागी थिजली. बाबांसमोर नर्मदाबाई कधी मान वर करून बोललेली नव्हती. तिच्या लक्षात आलं आपण कुणाला थांबवलं, आणि तरी तिनं हात खाली घेतला नाही. जारानं माखलेला तो हात बाबांच्या समोर तसाच वर राहिला.

"कुनी आत येऊ नका, बाबा. उदबत्ती न्या तिकडं. वास लई तकलीफ देतो तिला."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं, वासराकडं पाहिलं. "काय झालं?"

"आमी त्याला आंघोळ घातली. म्या घातली. माय वळखंना."

संतराम पुढं होऊन काही सांगणार होता. बाबांनी त्याला हातानं थांबवलं, उंबऱ्यातलं पाऊल मागं घेतलं आणि काठी आडवी ठेवून दाराबाहेर मातीतच बसले. ते बसले म्हटल्यावर बायाही बसल्या. उदबत्त्या मातीत खुपसून विझवल्या गेल्या. पाच गावची माणसं एका गोठ्याच्या दारात चिडीचूप बसली, असं बोरखडीत पूर्वी घडलेलं नाही. एका बाईला खोकला आला, तर तिनं तोंडात पदर कोंबला.

सूर्य टेकला. पूजेची वेळ झाली आणि सरूनही गेली.

गुंजीनं पुन्हा मान वळवली. या वेळी ती लगेच फिरवली नाही. वाऱ्यावर काहीतरी आलं होतं. तिनं नाक उचललं, एक पाऊल टाकलं, थांबली. आणखी एक पाऊल. वासराच्या शेपटीच्या मुळाशी नाक नेऊन तिनं हुंगलं, पोटापाशी हुंगलं, आणि मानेपाशी येऊन पुन्हा फुरफुरली. तिथं अजून थोडं अत्तर असावं. नर्मदाबाईनं डोळे मिटले. आता पाय झाडणार, आता झाडणार.

पण आवाज आला तो लाथेचा नव्हता. गुंजीच्या गळ्यातून, तोंड न उघडता, एक बारीक घुमल्यासारखा हुंकार निघाला. गाय हा आवाज फक्त आपल्या वासरासाठी काढते. एरवी जन्मभर काढत नाही. गुंजीनं तो आज पहिल्यांदा काढला. नर्मदाबाईनं डोळे उघडले तर जीभ चालू झाली होती. पाठीवरून, मानेवरून, कानामागून, खरखर खरखर. त्या जिभेच्या जोरानं वासरू लोळत होतं, उठत होतं. उठलं, पुढच्या पायांत शिरलं, चुकलं, गव्हाणीला ढुशी मारली. गुंजीनं नाकानं ढकलून त्याला मागं वळवलं. एक सड तोंडात सापडला, सुटला, पुन्हा सापडला. आणि मग वासराची शेपटी हलायला लागली.

नर्मदाबाई रडत होती, आणि रडताना डोळे पुसायची सोय नव्हती, कारण दोन्ही हात जारानं भरलेले.

बाहेर बाया माना उंच करून पाहत होत्या. सरपंचाच्या बायकोच्या हातात मानाचं तबक होतं. संतरामनं मघाशी ते तिच्या हातात दिलं होतं. ती उठली आणि बाबांच्या मागं येऊन उभी राहिली, पण पुढं झाली नाही. तबकातलं हळदकुंकू, फुलं, अत्तराची कुपी, सगळं तिनं एकदा पाहिलं आणि तबक पदराआड धरलं.

शेवटी बाबांनीच दारातून, अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"नर्मदाबाई, पूजा झाली का?"

नर्मदाबाईनं वळून पाहिलं नाही. तिची नजर गुंजीच्या जिभेवर होती, जी आता वासराच्या कपाळावर, जिथं दुपारी कुंकू लावलं होतं, नेमकी तिथं फिरत होती.

"चालू हाय, बाबा," ती म्हणाली. "बसा वाईच."